पेठेत उतरावं की हायवेवर?

प्रश्न : सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन दोन दिवस सातारा आणि एक दिवस सांगली करायचं आहे. जुन्या पेठेतलं मध्यम दराचं हॉटेल बरं की हायवेवरचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : साताऱ्यात पेठेतच उतरा. हायवेवर खोली ऐसपैस मिळेल, पण संध्याकाळी राजवाड्यावर चक्कर मारून मोती चौकातून कंदी पेढे घेत परत येणं तिथून जमत नाही. मात्र शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उतारावर वसलेलं. गल्ल्या अरुंद, चढाच्या. म्हणून फोनवरच विचारा : लिफ्ट आहे का? नसेल तर खालच्या मजल्यावरची खोली मिळेल का? ‘पार्किंग आहे’ म्हणजे स्वतःचं की समोरचा रस्ता, हेही खोदून विचारा. खोली मागच्या बाजूची मागा. पुढची म्हणजे रात्रभर हॉर्न. सप्टेंबरात कासचं पठार फुललं की शनिवार-रविवारचे दर चढतात. त्यापेक्षा मंगळवार-बुधवार गाठा.

सांगलीत गणित ऋतूवर. हिवाळ्यात गणपती मंदिराजवळ, गणपती पेठेच्या आसपास खुशाल राहा. कृष्णेचा घाट पायी गाठता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र विश्रामबाग परिसर बरा. २००५, २०१९ आणि २०२१ साली पुराचं पाणी जुन्या सांगलीत शिरलं होतं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. निघण्याआधी तिथली त्या दिवशीची पातळी बातम्यांत पाहा.

आणि बिल नीट वाचा : दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्केच आहे.