चि. बाळूस मामाचं पत्र

॥ श्री ॥

चिपळूण, १२ मे

चि. बाळू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. काल बाजारात तुझ्या वाडीतले एक गृहस्थ भेटले. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी भाजी न घेताच घरी आलो. तू म्हणे पंप बंद केलास. वणव्यानंतर डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितलेला पंप. आणि जेवणं झाली की बॅटरी घेऊन एकटाच सड्यावर जाऊन बसतोस, पुन्हा कुठे धूर दिसतो का ते बघायला. ताईला विचारलं तर ती गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे गोष्ट खरी, एवढं मी तिला जन्मापासून ओळखतो.

तुला दमा लहानपणापासून आहे. असं असताना फाल्गुनात काजूच्या बागेतली आग हिरव्या फांद्यांनी झोडपायला तू सगळ्यांच्या पुढे होतास. काजूच्या बिया पेटल्या की टरफलातलं तेल तडतडतं, त्याचा धूर घशाला आणि डोळ्यांना किती झोंबतो हे तुला मी सांगायला नको. तोंडाला ओला पंचा बांधला होतास ना? पंचा काजळी अडवतो, पण धुरातले बारीक कण अडवत नाही. ते थेट फुप्फुसात खोल जातात. तुझा खोकला महिनाभर हटला नाही तो त्यामुळेच.

"आता दम लागत नाही, मग पंप कशाला" असं म्हणतोस म्हणे. अरे, जाळरेषा आपण कधी काढतो? आग दिसल्यावर काढतो का? गवत वाळायला लागलं की मार्गशीर्षातच काढतो. रोजच्या पंपाचं तसंच आहे. तो श्वासनळ्यांची सूज धरून ठेवतो. बरं वाटतंय ते त्यामुळे वाटतंय, आणि सोडलास की सूज हळूहळू परत येते. निळा पंप वेगळा. तो घटकाभर नळ्या मोकळ्या करतो, सूज उतरवत नाही. रोजच्या पंपाची सवय लागते ही तर निव्वळ अफवा आहे. त्यात स्टेरॉइड असतं हे खरं, पण मात्रा अगदी थोडी, आणि तीही थेट छातीत जाते. घेतल्यावर खळखळून चूळ भरलीस की झालं. आणि बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ-नखं निळसर दिसायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन लावायचा. सड्यावर तू एकटा असताना तसं झालं तर फोन कोण लावणार? मला झोप लागत नाही ती ह्या एका विचाराने.

वणवा तू लावला नाहीस. कुणीतरी तरवा भाजायला आग लावली आणि ती पुरती विझायच्या आत पाठ फिरवली. दुपारचा खारा वारा सुटला आणि आग चढ चढून वर आली. बाळू, तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. पौषात भावोजी गेले आणि त्यांनी लावलेली बाग वर्षही न होता तुझ्या हातून गेली, असं तू धरून बसला आहेस. तौक्ते आलं तेव्हा, २०२१ च्या मे महिन्यात, भावोजींची किती झाडं आडवी झाली होती आठवतं? एक दिवस ते ओटीवर बसून राहिले, कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी करवत घेऊन बागेत. त्यांनी तेव्हा स्वतःला दोष दिला नव्हता. मग तुला तरी कशाला दिला असता?

लाकडाचा दलाल येऊन गेला असंही कानावर आलं. सरसकट तोडायला देऊ नकोस. पान करपलं म्हणजे झाड मेलं असं नाही. खोडाची साल नखाने खरवडून बघ. आत हिरवी ओल असेल तर जीव आहे. उघड्या खोडांना चुना मार, नाहीतर उन्हाने साल तडकेल. मृगाचे दोन-चार पाऊस पडू देत, फुटवे कुठे येतात ते दिसेल. मग त्यांच्या वरचं वाळलेलं छाट आणि कापाला बोर्डोचा लेप लाव. जी गेली त्यांच्या जागी वेंगुर्ला-४ नाहीतर ७ ची कलमं लावू, तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी धरतात. पंचनाम्याची प्रत आणि सातबारा एकत्र ठेव, मी आलो की कृषी कार्यालयात जाऊ.

माझे वडील गेले तेव्हा मी परभणीकडे नोकरीला होतो. तेरावं झालं आणि लगेच रुजू झालो. रजा शिल्लक होती. पण घरात बसवत नव्हतं, म्हणून कामात बुडालो, आणि लोक त्याला धीर म्हणाले. आईला त्या वर्षात किती बोलायचं असेल! ते ऐकायचं राहून गेलं, आणि पुढे तिनेही विषय काढला नाही. ताईच्या बाबतीत तसं होऊ देऊ नकोस. तू रोज सड्यावर जातोस तेव्हा ती दार उघडं ठेवून जागत बसलेली असते. तिचा नवरा गेलाय, बाळू. तिला आता बाग नको आहे, तू हवा आहेस.

फार बोललो. रागावू नकोस. लहानपणी धाप लागली की तू माझ्याच मांडीवर उठून बसायचास, आणि मी रात्रभर तुझ्या पाठीवरून हात फिरवायचो. तो हात अजून आहे. रडावंसं वाटलं तर रड, आईसमोर रड, बायकोसमोर रड. त्यात काही कमीपणा नाही. यंदाचा गणपतीही नेहमीसारखा नाही झाला तर नाही, साधा आणू. मी चार दिवस आधीच येईन, माटवी मी बांधीन.

त्याआधी येत्या रविवारी येतोच आहे. एन-९५ मास्क आणतो. सड्यावर राखणीला जायचंच असलं तर दोघे-तिघे मिळून पाळी लावून जा, एकट्याने नाही. आणि हे पत्र वाचून झालं की आधी पंप घे, चूळ भर, मग मला फोन कर. कितीही रात्र झाली असली तरी कर. मी जागाच आहे.

तुझा,
मामा