टॅब्लेट किती रुपयांना पडतो?

ॲपलचा साधा आयपॅड (ए16 चिप, 128 जीबी) मार्च 2025 मध्ये 34,900 रुपयांना बाजारात आला. यूएसबी-सी पेन्सिलचे 7,900 आणि कीबोर्ड फोलिओचे 24,900 रुपये वेगळे. तिन्ही घेतलं की 67,700. एवढ्यात बरा लॅपटॉप येतो, हे दुकानदार सांगणार नाही. मेमरी कार्ड घालायची सोयही नाही, म्हणून 256 जीबी लागणार असेल तर खरेदीच्या वेळीच 10,000 रुपये जास्त मोजावे लागतात. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस9 एफई ऑक्टोबर 2023 मध्ये 36,999 ला आला. पेन त्याच्या खोक्यातच मिळतो आणि कार्डही बसतं. या किमती बाजारात आल्या तेव्हाच्या. दिवाळीच्या सुमारास दोन्ही कंपन्यांचा माल यापेक्षा स्वस्तात मिळतो.

हे झालं यंत्राचं. त्यावर कोणतं सॉफ्टवेअर चालू द्यायचं हे मात्र कंपनी ठरवते, आणि खरेदी फसते ती इथेच. 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटी 499 डॉलरला आणला. दिसायला अगदी विंडोज, वर्ड-एक्सेलही आत. पण जुना एकही विंडोज प्रोग्रॅम त्यावर बसेना. जे घ्यायचं ते मायक्रोसॉफ्टच्याच स्टोअरमधून, आणि तिथे फारसं काही नव्हतं. लोकांनी पाठ फिरवली. जुलै 2013 मध्ये कंपनीला या मालापोटी 90 कोटी डॉलरचा तोटा दाखवावा लागला.

म्हणून दुकानात जाण्याआधी एका कागदावर लिहा: मला कोणते प्रोग्रॅम लागतातच? व्यापारी असाल तर यादीत टॅली असेल. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं. आयपॅड किंवा अँड्रॉइडवर ब्राउझरमधून अहवाल पाहता येतात, पूर्ण टॅली बसत नाही. ई-टेंडरसाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल, तर आयपॅडचा विचारच सोडा. मराठी डीटीपीवाल्यांनी श्रीलिपीबद्दलही हीच चौकशी करावी. विंडोज टॅब्लेट घेतला तरी आतली चिप विचारा. स्नॅपड्रॅगन चिपवर जुने प्रोग्रॅम बहुधा चालतात, पण टोकन, डोंगल, जुना प्रिंटर यांचे ड्रायव्हर त्या चिपसाठी वेगळे लिहिलेले असावे लागतात. आपलं टोकन खिशात घालून न्या आणि काउंटरवरच लावून पाहा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.

चित्रकारांचं उलट आहे. प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं ॲप फक्त ॲपलवर आहे, एकदाच पैसे भरून मिळतं, दरमहा भाडं नाही. पण उद्या अँड्रॉइडवर गेलात तर ते सोबत येणार नाही. एका स्टोअरवर विकत घेतलेली ॲप सहसा दुसऱ्या स्टोअरवर फुकट मिळत नाहीत.

आता दरमहाचा खर्च. ॲपमधून झालेल्या डिजिटल विक्रीवर ॲपल 30 टक्क्यांपर्यंत दलाली घेतं; छोट्या विकसकांना 2021 पासून 15 टक्के. काही कंपन्या ही रक्कम ग्राहकावरच टाकतात. यूट्यूब प्रीमियमचा एका व्यक्तीचा दर भारतात ऑगस्ट 2024 पासून महिना 149 रुपये झाला, पण आयपॅडच्या ॲपमधून घेतलं तर यापेक्षा जास्त पडतं. कोणतंही सभासदत्व आधी कंपनीच्या संकेतस्थळावर घ्यायचं आणि मग टॅब्लेटवर लॉगिन करायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

कोणतं स्टोअर वापरता येतं हे देशावरही ठरतं. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे तिथे सप्टेंबर 2024 पासून आयपॅडवर दुसऱ्यांची ॲप स्टोअर चालतात. जर्मनीतल्या भाच्याला जे जमतं ते पुण्यात जमत नाही.

अँड्रॉइडवर स्टोअरबाहेरची एपीके फाइल आजवर सहज घालता येत होती. या मोकळेपणाचा फायदा भामटेही घेतात: बँकेच्या किंवा वीजबिलाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके कधीच उघडू नये. पण या दरवाज्यालाही आता पहारेकरी बसतोय. ओळख पडताळून घेतलेल्या विकसकांचीच ॲप चालू द्यायचा नियम गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केला. सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात, 2027 पासून बाकीचे देश. एखादं आडवळणाचं ॲप चालतं एवढ्याच कारणासाठी अँड्रॉइड घेणार असाल, तर त्या ॲपचा विकसक पडताळणी करून घेणार आहे का, हे त्यालाच आधी विचारा.