निघण्याआधी पॉलिसी वाच

चि. मधुरा हिस,


तू आता पुण्याहून नागपूरला एकटी गाडी घेऊन येणार, असं ताई म्हणाली. जरूर ये. पण त्याआधी गाडीची पॉलिसी काढ आणि तिच्यात ‘रोडसाइड असिस्टन्स’ आहे का, ते बघ. कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. तो दुसऱ्याचं नुकसान भरून देतो. तुझी बंद पडलेली गाडी उचलायला त्यातून कुणी येत नाही. ही मदत बहुधा फुल विम्यावर थोडे जास्त पैसे भरून अ‍ॅड-ऑन म्हणून घ्यावी लागते. नव्या गाडीला ती काही काळ गाडीच्या कंपनीकडूनच मिळते. तशी असेल तर पुन्हा घेऊ नकोस, फक्त मुदत बघून ठेव.

बॅटरी उतरली, पंक्चर झालं, पेट्रोल संपलं, किल्ली आत राहिली, तर माणूस येतो. पेट्रोलचे आणि सुट्या भागांचे पैसे मात्र आपले. खरी गोम टोइंगमध्ये आहे. ठरावीक किलोमीटरपर्यंतच ते फुकट असतं, आणि वर्षातून किती वेळा मदत मिळेल यालाही मर्यादा असते. वाटेतला समृद्धी महामार्ग एकूण 701 किलोमीटरचा. मधेच कुठेही खाली उतरता येत नाही, आणि तुझ्या गाडीचं सर्व्हिस सेंटर बरंच लांबच्या शहरात असू शकतं. म्हणून तो किलोमीटरचा आकडा आधी शोध.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 लावायचा. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे, तिची हेल्पलाइन वेगळी. ती आणि विमा कंपनीची, दोन्ही कागदावर लिहून गाडीत ठेव.

गाडी बंद पडलीच तर डावीकडे कडेला घे, इंडिकेटर चारही लाव, डाव्या दाराने उतर, मागे बऱ्याच अंतरावर त्रिकोण ठेव आणि कठड्यापलीकडे जा. फोन त्यानंतर. गाडीत बसून वाट बघू नकोस, मागून भरधाव ट्रक येतात. कुणाला लागलं असेल तर आधी 108 किंवा 112. विमा कंपनी नंतर. जवळच्या किलोमीटरच्या फलकावरचा आकडा सांगितलास की मदतीला येणाऱ्यांना तू लवकर सापडशील. न बोलावता आलेल्या क्रेनवाल्याला, कंपनीला विचारल्याशिवाय, गाडी देऊ नकोस. त्याचं बिल कंपनी नाकारू शकते.

येत्या रविवारपर्यंत पॉलिसीतलं अ‍ॅड-ऑनचं पान मला पाठव. फोनवर दोघं मिळून वाचू, मग निघायचा दिवस ठरव.

तुझा,
मामा