सान हुआनचा सण आणि त्याची तटबंदी

भूगोलाच्या पुस्तकांत पोर्तो रिको बेटाचें नांव बहुधा एका ओळींत येतें व तेथेंच संपतें. परंतु एखाद्या देशाची खरी ओळख व्हावयाची तर त्याच्या राजधानींत एक दिवस हिंडावें, व तोहि सणाचा दिवस असावा, असें आम्हांस वाटतें. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, नकाशा पुढें घेऊन आज आपण मनानें सान हुआन शहरीं जाऊं. महिना जानेवारी असून संत सेबास्तियनच्या नांवाच्या रस्त्यावर उत्सव भरला आहे.

स्पॅनिश लोकांनीं १५२१ सालीं आपली वसाहत या चिंचोळ्या बेटावर आणिली. मौज अशी कीं, आरंभीं सबंध मुलखाचें नांव सान हुआन व शहराचें नांव पोर्तो रिको, म्हणजे ‘संपन्न बंदर’, असें होतें. पुढें या नांवांची अदलाबदल झाली. १८९८ पासून हा मुलूख अमेरिकेच्या ताब्यांत आहे.

सकाळीं प्रथम एल मोरो किल्ला पाहूं. बंदराच्या तोंडाशीं याचें काम १५३९ सालीं सुरू झालें. समुद्रापासून सुमारें १४० फूट उंच अशा त्याच्या माथ्यावरून खालीं पाहिलें म्हणजे हा किल्ला अजिंक्यच असावा असें वाटतें. १५९५ सालीं प्रसिद्ध इंग्रज दर्यावर्दी ड्रेक यास येथून मार खाऊन परतावें लागलें, हेंहि खरें. पण तीनच वर्षांनीं कंबरलंडच्या सरदारानें जमिनीकडून येऊन तोच किल्ला घेतला. भिंती त्याच होत्या. आंतील माणसें मात्र सांथीनें खंगलीं होतीं. पुढें विजेत्यांसहि आमांशानें गांठलें व शहर सोडणें भाग पडलें! १६२५ सालीं डच लोकांनीं शहर जाळलें, पण हुआन दे आरो या गव्हर्नरानें किल्ला सोडला नाहीं. भिंतीचें बळ तिच्यामागील माणसांत असतें, तें असें.

जमिनीची बाजू राखण्यासाठीं सान क्रिस्तोबल हा विशाल किल्ला मग उभा राहिला. तेथें पावसाचें पाणी सांठविण्याचीं मोठीं टांकीं आहेत. वेढ्यांत दारूगोळ्याइतकीच पाण्याचीहि गरज असते. १७९७ सालीं आलेल्या इंग्रज फौजेस येथील शिबंदीनें व नागरिकांनीं परतविलें.

दुपारीं निळसर विटांच्या फरसबंदीवरून उत्सवांत शिरूं. या विटा लोखंड गाळतांना उरणाऱ्या मळीच्या आहेत. मोठमोठे मुखवटे घातलेल्यांची मिरवणूक चालली आहे. खाऱ्या माशाच्या भज्यांचा वास सुटला आहे. सान होसे चौकांत पोन्से दे लेओन या पहिल्या गव्हर्नराचा पुतळा आहे. १७९७ सालीं इंग्रजांकडून घेतलेल्या तोफा वितळवून तो ओतला, असें सांगतात. ज्या तोफा शहर फोडण्यास आल्या, त्यांच्या धातूभोंवतीं आज मुलें खेळतात.

इतक्यांत ढोल वाजूं लागतात. ‘बोंबा’ नांवाचें हें वादन व नृत्य आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांनीं येथें रुजविलें. तटाचे दगड वाहण्यांत गुलामांचे व कैद्यांचे हात राबले. येथील गुलामगिरी १८७३ सालीं बंद झाली. गव्हर्नराचा पुतळा झाला. दगड वाहणाऱ्यांचीं नांवें कोणी कोरलीं नाहींत. तरी सणाच्या दिवशीं या रस्त्यांतून ऐकूं येतो तो त्यांचाच ढोल.

सायंकाळीं तटावरून समुद्राकडे पाहतांना आमच्या मनांत येतें कीं, इतिहास शिकवितांना आम्ही किल्ला कोणीं बांधविला व कोणीं जिंकला, एवढेंच विचारतों. तो कोणाच्या पाठीवर उभा राहिला, हा प्रश्न परीक्षेंत येत नाहीं. पालकांनीं मुलांस घेऊन एखादा किल्ला पाहण्यास जावें, तेव्हां हा प्रश्न अवश्य विचारावा.