काळ्या वावरात घर बांधताना

पोरी, प्लॉट झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. जावईबापू ठेकेदारावर सगळं न सोपवता स्वतः उभं राहून काम करून घेणार आहेत, हे त्याहून चांगलं. नकाशा आणि टाइल्स नंतर बघू. आधी जमिनीचं ऐक, कारण आपल्या वऱ्हाडात घर बिघडतं ते बहुतेक खालून बिघडतं.

आपल्याकडचं कोणतंही जुनं गाव पाहा. वस्ती पांढरीवर, पीक काळीत. काळीत घर घालायचं नाही, हे जुन्या माणसांनी ठरवूनच टाकलं होतं. आता अकोला काय, अमरावती काय, नवे लेआऊट सगळे वावरं मोडून पडलेत. काल जिथं कपाशी आणि तूर होती तिथं आज आपण कॉलम उभे करतो. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. मे महिन्यात वावरात हात जाईल अशा भेगा पडतात, त्याच भेगा तुझ्या घराखालीही पडू पाहणार. बरं, फुगणं सगळीकडे सारखं असतं तर घर नुसतं वरखाली झालं असतं. पण मोरीकडच्या बाजूला बारमाही ओल आणि दक्षिणेकडची बाजू उन्हानं कोरडी, म्हणून घराचा एक कोपरा उचलतो, दुसरा बसतो आणि मधली भिंत फाटते.

म्हणून नकाशाला पैसे देण्याआधी प्लॉटवर खड्डा घ्या. अमरावतीत पोहऱ्याच्या डोंगराच्या अंगाला असाल तर काही फुटांवरच मुरूम लागण्याची शक्यता असते. तसं असेल तर काळी माती संपून मुरमात फूट-दीड फूट शिरेपर्यंत खोदा आणि फुटिंग तिथं बसवा. पण दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हाऱ्याकडे, पूर्णेच्या खोऱ्यात, खोदतच जावं तरी काळी माती संपत नाही. तिथं मिस्त्री म्हणेल, चार फूट बस झाले, सगळे तेवढंच करतात. त्याचं ऐकू नका. पावसाळा-उन्हाळ्याची कमीजास्त ओल साधारण साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट खोलीपर्यंत पोचते. त्याखालची माती सहसा हलत नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच जमिनीसाठी अंडर-रीम पाइलची पद्धत बसवली. जमिनीत बारीक गोल भोक तेवढ्या खोलीपर्यंत न्यायचं, तळाशी ते फुगवायचं आणि सळया सोडून काँक्रीट भरायचं. तळाचा फुगवटा भोकाच्या साधारण अडीचपट रुंद असतो, त्यामुळे वरची माती घर उचलू लागली तरी पाइल खालून धरून ठेवतो. पाइलवरून जाणारा बीम मातीवर टेकवू नका. खाली किमान ८० मिलिमीटर पोकळी ठेवा, म्हणजे पावसाळ्यात फुगलेली माती त्या पोकळीत जाईल, बीमला धक्का देणार नाही. ही पोकळी भरून टाकायची मजुरांना फार घाई असते, तिथं जावईबापूंनी स्वतः उभं राहावं.

माती किती फुगते हे अंदाजानं ठरवायचं नाही. सारखी बारीक माती पाण्यात आणि रॉकेलमध्ये चोवीस तास भिजवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि दोन्हींतला फरक टक्क्यांत काढतात. ५० टक्क्यांच्या वर गेला तर माती फारच फुगणारी समजायची. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा जवळचं तंत्रनिकेतन यांच्याकडे चौकशी करा. चाचणीचा अहवाल हातात आला की स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पायाचं डिझाइन करून घ्या. घराच्या खर्चात हा खर्च फार थोडा असतो, आणि नेमका तोच लोक वाचवतात.

खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू नका, ठेकेदार फुकटची म्हणून तीच लोटेल. आतली फरशी वर येते ती यानंच. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं होतं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा जवळजवळ मीटरभर थर दाबून घातला तर खालची फुगी वर जाणवत नाही. आपल्याला साधणारा पर्याय म्हणजे चांगला मुरूम. तो सहा-सहा इंचांच्या थरानं टाका, पाणी शिंपडा, धुमस मारा, मग पुढचा थर. एकदम ढिगानं ओतलेला मुरूम पुढे बसतो आणि फरशी पोकळ वाजते.

खोदकाम दिवाळीनंतर, पाऊस संपून जमीन जरा वाळल्यावर घ्या. खड्डा उघडा टाकून लग्नकार्याला जाऊ नका. उन्हानं त्याचा तळ सुकतो आणि नंतर पाणी मिळालं की फुगतो. खोदलं की लगेच भरा.

आता पाणी. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी काँक्रीटमध्ये घालायचं नाही, हे मी दहादा सांगेन. खारट पाण्यातलं क्लोराइड सळई गंजवतं, गंजलेली सळई फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडू लागतात. सळई असलेल्या काँक्रीटसाठी भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत द्या, आणि निकाल वाईट आला तर नळयोजनेचं पाणी टाकीत साठवा किंवा टँकर घ्या. तराईला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायलाही, शक्यतो तेच वापरा. खारं पाणी रोज मारलं की वरून मीठ आत मुरतं.

तराईबद्दल मी कुणाचंच ऐकून घेत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, वारा कोरडा, सकाळी मारलेलं पाणी दहा वाजेपर्यंत उडालेलं असतं. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी कोंडून ठेवा. कॉलमला ओलं पोतं गुंडाळा. अशा हवेत किमान १० दिवस पाणी हवं, आणि हल्ली मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी असतं, त्याला १४ दिवस द्यावेत. स्लॅब उन्हाळ्यातच टाकावा लागला तर काम संध्याकाळी सुरू करा. गिट्टी आणि रेती आदल्या रात्री भिजवून सावलीत ठेवा. मिक्सरमध्ये पाणी बेतानं. ५० किलोच्या पिशवीला सुमारे २५ लिटर हा ढोबळ हिशेब, रेती ओली असेल तर त्याहून कमी. मजूर माल पातळ मागतील, कारण तो लोटायला सोपा जातो. पातळ माल कच्चा राहतो.

सळई काँक्रीटमध्ये झाकलेली हवी. स्लॅबला २०, कॉलमला ४० आणि फुटिंगला ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक आधी करून ठेवा. गिट्टीचे तुकडे सळईखाली खुपसून भागवणारा मिस्त्री असेल तर तिथेच थांबवा. भिंतींना पारसच्या वीज केंद्राच्या राखेच्या विटा मिळतात, चांगल्या असतात, पण पुऱ्या पाणी न प्यालेल्या विटा घेऊ नका, नंतर भिंतीला उभ्या चिरा जातात. जिथं वीट आणि कॉलम मिळतात तिथं छपाईच्या आधी कोंबडी जाळी ठोका.

घर झाल्यावर खरी राखण बाहेरून. चारही बाजूंनी किमान एक मीटर रुंद फरसबंदी, उतार बाहेर. छताचं पाणी पाइपानं दूर नाल्यात. शोषखड्डा भिंतीलगत कधीच नको. काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो आणि तेवढ्या काळात पाया ओला होतो. पिंपळ, निलगिरी घरापासून दूर. कडुनिंबाची सावली आवडते तुला, माहीत आहे. पण झाड जेवढं उंच होणार तेवढं अंतर सोड.

सासऱ्यांच्या जुन्या घराचंही सांगून ठेवतो. त्या पांढरीच्या भिंतींना सिमेंटची छपाई करू नका. भिंत ओल बाहेर टाकते ती सिमेंटनं कोंडते, आतली माती सुटते आणि छपाई पापुद्र्यासारखी निघते. चुना-वाळू लावा. खालून लोणा चढत असेल तर आधी पावसाचं पाणी भिंतीपासून दूर काढा आणि मग रंगाचं बघा.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल तर लगेच बुजवू नका. तिच्यावर आडवी काचेची पट्टी बसवा, शेजारी पेन्सिलनं तारीख लिहा आणि मे ते ऑक्टोबर पाहत राहा. पट्टी तुटली म्हणजे घर अजून हलतंय. मग आधी ओल येते कुठून ते शोधा, फुटलेली पाइपलाइन, गळती मोरी. ते थांबवून एक पावसाळा गेला आणि पट्टी शाबूत राहिली की चीर भरा. जुन्या घरावर दुसरा मजला चढवायचा विचार तर सध्या मनातून काढा, इंजिनिअर पाया उघडून बघेपर्यंत.

आणि ठेकेदाराशी दर ठरवताना कागदावर लिहून घ्या: शेवटचा हप्ता पहिला पावसाळा उलटल्यावर.