वस्तीला तार कुंपण घालताय? तार आणायच्या आधी हे वाचा



पाऊस उघडला की आपल्याकडं कुंपणाची कामं निघतात. वस्तीवर शेळ्या, कोंबड्या, दारातली भाजी, त्यात मोकाट जनावरं आणि रानडुक्कर. कुंपण हवंच. पण बरेच जण सुरुवात दुकानापासून करतात, तिथंच गणित चुकतं. आधी हद्द, मग खड्डे. तार सगळ्यात शेवटी.

*हद्द*
जुना बांध म्हणजेच हद्द, असं धरून चालू नका. दरसाल नांगरट होते तसा बांध सरकतो. (कधी कधी सरकवलेलाही असतो, ते तुम्हाला सांगायला नको.) सातबाऱ्यावरून क्षेत्र कळतं, हद्द कळत नाही. शेजाऱ्याचं आणि तुमचं एकमत असेल तर दोघांनी समोर उभं राहून खुणा रोवा, साध्या कागदावर लिहून सह्या करा, फोटो काढून ठेवा. थोडी जरी शंका असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडं मोजणीचा अर्ज करा, तो ऑनलाइनही भरता येतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यांच्यासमोर मोजणी होते, आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती हातात येईपर्यंत एकही खांब उभा करू नका. मोजणीची फी जड वाटते, पण उभी केलेली ओळ उपटून परत पुरायची मजुरी त्याहून जड. भाऊबंदांशी बोलणं तुटतं ते वेगळंच.

हद्द ठरली तरी कुंपण फूट-दीड फूट आपल्या बाजूला घ्या. तण काढायला आणि तार ओढायला दुसऱ्याच्या रानात जावं लागत नाही.

*वाट आणि पाणी*
बांधावरून कुणाची वहिवाट आहे का, ओढ्याचं पाणी कुठून जातं, ते बघा. चालू वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. फाटक किमान 12 फूट ठेवा. आज मोटारसायकल आत येते, उद्या उसाची ट्रॉली वळवायची असते.

*हिशोब*
10 गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट. जागा चौकोनी असेल तर एक बाजू सुमारे 104 फूट, फेर 417 फूट. 10 फुटांवर एक खांब धरला तर 42 खांब, पाच पदरी तार साधारण 635 मीटर. पण तेच 10 गुंठे 50 फूट रुंद पट्टी असेल तर फेर 535 फुटांवर जातो! म्हणून गुंठ्यावरून अंदाज सांगणाऱ्याला काम देऊ नका, टेप लावायला सांगा. काटेरी तार किलोवर विकतात, आपल्याला लागते मीटरवर. एका किलोत किती मीटर बसते, हे विचारूनच भाव करा.

*खड्डे*
काळ्या रानात ही खरी गोम आहे. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांब कलतो. मे महिन्यात पहारीनं कसंबसं फूटभर खणून रोवलेला खांब पहिल्या मोठ्या पावसात मान टाकतो. वाफसा असताना खणा. मधले खांब दोन फूट, कोपऱ्याचे आणि फाटकाचे अडीच फूट खोल. काढलेली काळी माती परत भरू नका, मुरूम आणि खडी थराथरानं ठोकून भरा. कोपऱ्याला काँक्रीट करा आणि दोन्ही बाजूंनी तिरके टेके द्या, कारण सगळ्या तारेचा ताण तिथंच येतो. काँक्रीटला आठवडाभर पाणी मारल्याशिवाय तार ताणू नका.

खणायच्या आधी दोरी लावून फक्की मारा. ठिबकची मेन लाईन आणि बोअरची केबल कुठून गेली ते घरातल्या जुन्या माणसाला विचारा. पहार केबलवर बसली तर माणूस जातो.

*वीज*
महावितरणच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला कुंपण बांधायचं नाही. वर लोंबती तार असेल तर आधी 1912 वर तक्रार करा. ती तुटून कुंपणावर पडली तर सगळा फेर जिवंत होतो.

आणि रात्री डुकरासाठी घरचा करंट तारेत सोडणं तर अजिबात नको. त्यात पहिलं सापडतं ते घरचं लेकरू नाहीतर पाणी द्यायला निघालेला शेजारी. गुन्हा दाखल होतो तो वेगळा. नान्नजच्या बाजूला तर काळवीट फिरतं, त्याला वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. झटका हवाच असेल तर प्रमाणित सौर झटका मशीनच घ्या. त्याचा झटका क्षणभराचा आणि थांबून थांबून असतो, घरच्या करंटसारखा सलग नसतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईजवळ पाणी घालत जा, कोरड्या मातीत झटका लागत नाही.

मोजणीचा अर्ज भरायला अडचण असेल तर चालू सातबारा आणि आधार घेऊन कंपनीच्या ऑफिसला या. खांब-तारेची मागणी एकत्र करायची आहे. टेपनं मोजलेला फेर फुटात लिहून याच नंबरवर पाठवा.