मे महिन्यात लांब बाह्या

ये बाय, बस. चहा नंतर, आधी बाही वर कर. मुरूडच्या बाजारात या उकाड्यात मनगटापर्यंत ब्लाउज घालून मासळी विकायला बसलीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. काचेच्या बांगड्या जाऊन हातात प्लॅस्टिकच्या आल्या, तेही पाहिलंय मी.

बोलवत नाही, कळतं गं. वाड्यात सगळेच एकमेकांचे सोयरे. मी एकदा चौकीत गेले होते, लग्नाला दोन वर्षं झाली असतील. ‘घरचं घरात मिटवा’ म्हणून परत पाठवलं, आणि मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली. पुढे आठ वर्षं तोंड शिवून बसले. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मारझोड सोसलेल्या शंभरातल्या चौदाजणींनीच कुणाकडे मदत मागितली होती. चौकीच्या त्या एका फेरीनंतर मीही उरलेल्यांसारखी गप्पच राहिले. आता तूही.

तुझं दुखणं मात्र वेगळं. नवरा आत गेला तर नारळी पुनवेनंतर होडी कोण नेणार, कर्जाचा हप्ता कोण भरणार, हेच ना? त्यात एक जूनपासून दर्यावर बंदी, म्हणजे दोन महिने तो चोवीस तास घरात.

अगं, पण त्याला आत टाकायलाच हवं असं कोण म्हणालं? २००५चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात मॅजिस्ट्रेटकडून नुसता आदेश मागता येतो, की हिच्यावर हात उगारायचा नाही. मोडला तर मात्र गुन्हा, वर्षापर्यंत कैद. आणि घरपट्टी सासऱ्याच्या नावावर असेना का, तुला असं उठून कुणी बाहेर काढू शकत नाही. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

मुरूडात नको वाटलं, तर आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला माहेरी जा, तिथे राहूनही अर्ज करता येतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणू नकोस. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, कमाई विचारत नाहीत. अलिबागला जिल्हा न्यायालयात त्यांचं ऑफिस आहे. बायकांच्या मदतीच्या १८१ नंबरला फोन लावायचा तर माझ्या मोबाइलवरून लाव, तुझा तो तपासतो.

आधार, रेशनकार्ड, मुलांचे दाखले उद्या टोपलीत बोंबलाखाली घालून आण. माझ्या तांदळाच्या डब्यात राहतील. सोमवारी अलिबागला मी येते सोबत. कुणी विचारलंच, तर डोळे दाखवायला चाललोय.

बाही खाली कर आता, सासू येतेय तुझी. घे, चहा घे.